झीज लपवणारा ब्रेक

एक टन वजनाची गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि अचानक रस्त्यात म्हैस आली. तुम्ही पेडल दाबलं, गाडी थांबली, म्हैस निवांत पलीकडे गेली. एवढ्या वेळात गाडीतली गतीची सगळी ऊर्जा, म्हणजे सुमारे ३१२ किलोज्यूल, उष्णता होऊन बाहेर पडली. लिटरभर पाणी माठातल्या तापमानापासून चहाच्या उकळीपर्यंत न्यायला जवळपास तेवढीच उष्णता लागते. वेग निम्मा, म्हणजे ४५ असता तर उष्णता निम्मी नव्हे, पाव झाली असती. आता बोरघाट घ्या. खंडाळ्याहून खोपोलीत उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. हा सगळा उतार फक्त ब्रेकवर उतरलात तर म्हशीपुढचे पंधरा-सोळा थांबे एकामागोमाग घेतल्याइतकी उष्णता तयार होते, आणि ब्रेकना मध्ये उसंत मिळत नाही.

यातलं बहुतेक काम पुढच्या चाकांना करावं लागतं. ब्रेक लागला की भार पुढे झुकतो, त्यामुळे दोन तृतीयांशाहून अधिक जोर पुढचेच ब्रेक लावतात. म्हणून वॅगनआर किंवा स्विफ्टसारख्या आपल्याकडच्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि दोन्ही पॅडना चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पॅड म्हणजे तरी काय, लोखंडी पत्र्यावर बसवलेला सुमारे १० मिलिमीटर जाडीचा घर्षणाचा थर. तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो. पुढचे पॅड बदलणं हे घरी करता येण्याजोगं काम आहे, आणि एका सकाळीत होतं. पण ते करण्याचं मोठं कारण मजुरीची बचत हे नाही. डिस्क ब्रेक आपली झीज चालकापासून लपवतो. चाक उतरवून बघितल्याशिवाय आत काय चाललंय ते नीट कळत नाही, आणि पॅड बदलायच्या निमित्ताने आपण नेमकं तेच करतो.

ही लपवाछपवी एका रबरी कड्याची करामत आहे. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकून आतल्या पॅडला डिस्कवर टेकवतो. कॅलिपर स्वतः दोन गुळगुळीत पिनांवर सरकू शकतो. त्यामुळे आतला पॅड टेकला की कॅलिपर उलट दिशेने ओढला जातो आणि बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्याबरोबर किंचित पिळवटतं आणि पाय काढला की पुन्हा सरळ होतं. सरळ होताना ते पिस्टनला केसभर मागे घेतं, तेवढ्याने पॅड डिस्कपासून सुटतो. दुसरी स्प्रिंग नाही, काही नाही. पॅड झिजला की पिस्टनला थोडं जास्त पुढे जावं लागतं. मग तो सीलमधून घसरून पुढे जातो आणि नव्या जागी स्थिरावतो. म्हणजे पॅड १० मिलिमीटरचा असो की ३ मिलिमीटरचा, पॅड आणि डिस्क यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं आणि पेडलही तितकंच खाली जातं. पायाला काही कळत नाही. इतकं साधं आणि इतकं चतुर यंत्र मोटारीत दुसरं सहसा सापडत नाही.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली तिचं पेटंट घेतलं होतं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज कोणाला सहन होण्यासारखा नव्हता. घर्षणासाठी योग्य पदार्थ शोधण्याचं काम मात्र दुसऱ्याच कोणाच्या हातून पुढे गेलं. इंग्लंडच्या डर्बीशर भागातल्या डोंगरउतारांवर गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचं चामडं ठोकतात, हे हर्बर्ट फ्रूडने पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. त्यातून त्याने अस्तरं बनवायला सुरुवात केली. त्याच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक ई मिसळून झालेलं फेरोडो हे नाव आजही पॅडच्या खोक्यांवर दिसतं. डिस्कचं खरं नाणं वाजलं ते १९५३ साली, ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावणारी जॅग्वार सी-टाइप तिथे जिंकली. इतरांचे ड्रम तापून ढिले पडत असताना तिचे चालक वळणापाशी उशिरा ब्रेक मारू शकत होते. दोनच वर्षांनी सित्रोएन डीएस ही गाडी पुढच्या डिस्क ब्रेकसह बाजारात आली.

तर झीज ओळखायची कशी? पहिली खूण बॉनेट उघडल्यावर दिसते. पिस्टन जसजसा पुढे सरकतो तसतशी त्याच्यामागची जागा ब्रेक ऑईलने भरते, आणि ते ऑईल वरच्या डबीतून येतं. हिशेब करून बघू. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर धरला आणि दोन्ही पॅड ८-८ मिलिमीटर झिजले, तर पिस्टन १६ मिलिमीटर पुढे येतो. म्हणजे एका चाकात सुमारे ३१ मिलिलिटर आणि दोन्ही चाकांत मिळून साठेक मिलिलिटर ऑईल डबीतून खाली गेलेलं असतं. एवढ्याशा डबीत हा फरक स्पष्ट दिसतो. पेट्रोल पंपावर किंवा सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी आपुलकीने डबी काठोकाठ भरून देतो आणि ही एकमेव दिसणारी खूण पुसून टाकतो. पातळी खाली गेलेली दिसली तर ऑईल ओतण्याआधी पॅड बघावेत. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि मग गाडी गॅरेजलाच न्यायची.

दुसरी खूण कानाला कळते. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते. थर २-३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून चिरकते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, तो टेपचा आवाज वाढवून घालवायचा नसतो. चिरकण्याच्या जागी घरघर ऐकू आली तर थर संपून लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा. मग पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च आला.

पॅड विकत घेताना एकच आग्रह धरावा: ओळखीच्या दुकानातून, आपल्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून घ्यावेत. नकली सुट्या भागांचा धंदा मोठा आहे आणि नकली पॅड हाताने ओळखता येत नाही. त्याची ओळख घाटात होते. एका चाकाचे पॅड कधी बदलू नयेत. पुढची दोन्ही चाकं म्हणजे चार पॅडचा एक संच, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

या कामातला सगळ्यांत धोकादायक भाग ब्रेक नसून जॅक आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर हात-डोकं गाडीखाली घालायचं नाही. सपाट आणि कडक जमीन हवी. सोसायटीच्या उतारावर हे काम करू नये, उन्हाळ्याच्या दुपारी डांबरावर नको आणि पावसाळ्यात मातीवर तर नकोच. जॅकखाली जाड फळी घ्यावी, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, कारण उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून हलते. गाडी उचलली की मजबूत स्टँडवर ठेवायची. उतरवलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवावं. स्टँड दगा देतो अशातला भाग नाही, पण दिला तर मध्ये काहीतरी असावं.

चाक निघालं की स्टिअरिंग वळवून कॅलिपर आपल्याकडे घ्यावा. बऱ्याच गाड्यांमध्ये खालच्या सरकपिनेचा एक बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर उघडतो. तो पूर्ण सुटणारा असेल तर तारेने वर बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, कारण त्या नळीच्या आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही.

आता जुने पॅड हातात घ्या आणि घाईने टाकून देऊ नका. माझ्या मते सबंध कामातली सगळ्यांत मोलाची पाच मिनिटं हीच. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून जाडी बघा. दोन्ही साधारण सारखे असतील तर कॅलिपर नीट सरकतो आहे. आतला खूप पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर सरकपिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाहीये. एकच पॅड वरून जाड, खालून पातळ असा उतरता झिजला असेल तर तो आपल्या खाचेत गंजून आवळला गेलाय. डाव्या-उजव्या चाकांच्या झिजेत मोठा फरक असेल तर एका बाजूचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, आणि गेले काही महिने गाडी पेट्रोल जास्त का खात होती याचं उत्तरही कदाचित तिथेच आहे. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो फार तापलाय. ही माहिती नुसते नवे पॅड बसवून मिळत नाही. अडकलेल्या पिनांवर नवे पॅड बसवले तर तेही तसेच तिरके झिजणार.

मग डिस्क. बोट फिरवल्यावर बारीक रेघा लागतात, ते चालतं. नख अडकेल अशा खोल चरा, काठाला उंच कड, निळसर डाग किंवा तडा असेल तर डिस्क बदलायला हवी. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटर असेल तर चार ठिकाणी मोजावं. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर पुष्कळदा जाडीतला अगदी सूक्ष्म फरक त्याला कारण असतो.

साफसफाई करताना तोंडाने फुंकर मारायची नाही आणि हवेचा पाइपही लावायचा नाही. ब्रेकची काळी भुकटी पिढ्यान्‌पिढ्या ॲस्बेस्टॉसची होती. आजचे चांगले पॅड त्याविना बनतात, पण आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि जुन्या गाडीत कोणी काय बसवलंय ते सांगता येत नाही. ॲस्बेस्टॉस नसलं तरी ही भुकटी फुप्फुसांना चांगली नव्हेच. मास्क लावावा, ब्रेक क्लीनर फवारून ओल्या फडक्याने पुसावं. (ही भुकटी पावसाबरोबर वाहून जाते कुठे, हाही प्रश्नच आहे. पॅडमधलं तांबं ओढ्यांतल्या सामन माशांना घातक ठरतं म्हणून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१० साली ते कमी करण्याचा कायदा केला.)

पॅड ज्या खाचांत बसतात त्या तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या गाडीला हे काम दुप्पट वेळ खातं. सरकपिना बाहेर काढून जुनं कडक झालेलं ग्रीस पुसावं आणि नवं सिलिकॉन ग्रीस लावावं. इथे घरात पडलेलं पिवळं ग्रीस वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण खनिज तेलाने हे रबर फुगतं, मग पिन पुन्हा अडकते. पॅडच्या दर्शनी भागाला किंवा डिस्कला ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

नवे पॅड जाड, म्हणून पुढे आलेला पिस्टन आता मागे ढकलायचा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू आवळत जावं. आधी डबीचं झाकण सैल करून ठेवावं आणि पातळीवर लक्ष ठेवावं. मघाचं साठेक मिलिलिटर ऑईल आता परत वर येणार आहे, आणि मधल्या काळात कोणी डबी भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडणार. ब्रेक ऑईल गाडीचा रंग उकलतं. जास्तीचं ऑईल सुईविना सिरिंजने आधीच काढून घेतलेलं बरं. पिस्टनभोवतीचं रबरी बूट फाटलं असेल किंवा पिस्टन जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबावं आणि मेकॅनिकला बोलवावं.

नवे पॅड, नव्या क्लिपा, कॅलिपर बंद, बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतके घट्ट, चाक, नट. दुसरी बाजूही तशीच. आणि आता गाडी सुरू करण्याआधी जे करायचं ते विसरलात तर वरची सगळी मेहनत भिंतीवर जाऊन आदळेल. पिस्टन तुम्ही तळापर्यंत मागे ढकललाय. पहिल्यांदा पेडल दाबाल तेव्हा ते सरळ खाली जाईल आणि ब्रेक लागणार नाही. इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश मारत राहायचं. काही दाबांनंतर ते कडक होतं. मग डबीची पातळी बघून झाकण लावायचं, आणि त्यानंतरच किल्ली फिरवायची.

पॅड बदलताना ऑईलची नळी उघडावी लागत नाही, म्हणून हवा काढण्याचाही प्रश्न येत नाही. पण ऑईल जुनं झालं असेल तर ते बदलावं लागतं. नेहमीचं ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापला, ऑईल उकळलं, वाफ झाली, की पेडल थेट तळाला जातं, कारण द्रव दबत नाही पण वाफ दबते. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, आणि म्हणूनच पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचा हिशेब मला कधीच पटलेला नाही. बहुतेक गाड्यांमध्ये साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात. हे काम दोघांचं आहे. एक जण आत पेडलवर, दुसरा चाकापाशी पाना घेऊन, कॅलिपरवरचं ऑईल सोडायचं निपल उघडायला आणि आवळायला.

“दाब.”

“दाबला, बाबा.”

“धरून ठेव... सोडू नकोस हं.”

“किती वेळ? सोडू?”

“थांब, निपल आवळू दे. हं, आता सोड.”

निपल उघडं असताना पाय सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लावावा लागतो. तेव्हा डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. आणि वापरायचं ऑईल झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑईल आहे, आकडा मोठा दिसतो म्हणून ते ओतायचं नाही.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत, ते सेट व्हावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं अंतर गाडी पळवून ब्रेक गार होऊ द्यायचे आणि पुन्हा तसंच. आठ-दहा वेळा पुरतं. यात पॅडच्या पदार्थाचा पातळ एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड बरीचशी त्या थरावर अवलंबून असते. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर थर एकाच जागी जाड बसतो, आणि महिन्याभराने स्टिअरिंग थरथरायला लागतं. पहिले काही दिवस गर्दीत पुढच्या गाडीपासून जरा लांब राहावं. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.

मागचे ड्रम मात्र पहिल्याच खेपेला उघडू नयेत. आत स्प्रिंगांचं जंजाळ असतं आणि दोन्ही चाकं एकदम उघडली तर कुठली स्प्रिंग कुठे होती हे बघायला नमुनाही उरत नाही. ज्या गाडीला मागे डिस्क आणि बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक आहे तिथे मोटरला आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. तसं न करता पिस्टन ढकलला तर आतली यंत्रणा मोडते, आणि बोट मध्ये असताना मोटर फिरली तर बोटही. विजेच्या गाड्यांचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत. पण न वापरलेली डिस्क गंजते आणि न सरकलेल्या पिना जागच्या जागी धरतात. अशा गाडीचं चाक पॅड जाडजूड असतानाच उतरवून बघावं लागतं, आणि तेही मुंबईसारख्या ठिकाणी दर पावसाळ्यानंतर.